मंडळीचा अधिकार कोणाचा?

बुलढाणा जिल्ह्यातील माणसे आपल्या मुलखाचे दोन भाग मानतात, एक घाटाखालचा आणि दुसरा घाटावरचा. घाटाखाली कापसाच्या पेठेमुळे नावारूपाला आलेले खामगाव आणि रेल्वेमार्गावरील मलकापूर, तर घाटावर जिल्ह्याचे ठाणे असलेले बुलढाणा आणि त्याच्या पलीकडील चिखली-मेहकर, असा हा विभाग भूगोलाने केलेला आहे. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत या जिल्ह्यात नांदत आलेल्या लहानशा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातही तोच विभाग, अगदी काटेकोरपणे नसला तरी ठळकपणे, उमटलेला दिसतो. खामगाव-मलकापूरकडे ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकन संस्थेने मंडळ्या उभ्या केल्या, आणि बुलढाणा-चिखली-मेहकरकडे, अमेरिकेतच जन्माला आलेल्या, ‘चर्च ऑफ द नाझरीन’ या पंथाने.

दोहोंचे कार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास वऱ्हाडात सुरू झाले, दोहोंनी दुष्काळात अनाथ झालेली मुले सांभाळली, दोहोंची उपासना मराठीत चालते, आणि ख्रिस्ती मनुष्याचे जीवन पवित्र झाले पाहिजे यावर दोहोंचा सारखाच कटाक्ष आहे. तेव्हा रविवारी सकाळी मंदिरावरून जाणाऱ्या त्रयस्थाला या दोहोंत काही अंतर आहे असे वाटण्याचे कारण नाही, आणि गावाच्या बोलण्यात दोन्ही ठिकाणांना ‘मिशन’ हा एकच शब्द आजवर पुरला आहे. असे असूनही, तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा की नाही, स्त्रीला पाळकाची दीक्षा मिळावी की नाही, पाळक कोणी नेमावा, परदेशातील मूळ संस्थेशी नाते कोणते ठेवावे, या प्रश्नांना दोन्हीकडे मिळणारी उत्तरे भिन्न आहेत. ही भिन्नता का उत्पन्न झाली हे पाहू गेल्यास एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होते: प्रॉटेस्टंट धर्मात सिद्धांत एका बाजूला आणि कारभार दुसऱ्या बाजूला अशी वाटणी करता येत नाही, कारण निर्णय करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तेथे मुळातच श्रद्धेचा आहे.

तीन पद्धती

इ.स. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने पापमोचनपत्रांच्या विक्रीविरुद्ध आपले ९५ सिद्धांत पुढे मांडले, तेव्हापासून सुरू झालेल्या धर्मसुधारणेने दोन तत्त्वे प्रस्थापित केली. पवित्र शास्त्र हेच श्रद्धेचे अंतिम प्रमाण, हे पहिले; आणि ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा प्रत्येक मनुष्य देवापुढे याजकच होय, हे दुसरे. पण शास्त्र प्रमाण मानले तरी शास्त्राचा अर्थ कोणी सांगावयाचा, आणि सर्वच जण याजक असतील तर मंडळीत शब्द कोणाचा चालावयाचा, हे प्रश्न उरतातच. पोपचा अधिकार नाकारल्यावर रिकाम्या झालेल्या त्या आसनावर कोणाला बसवावे, याची तीन प्रमुख उत्तरे प्रॉटेस्टंट जगाने दिली, आणि ती तिन्ही महाराष्ट्राच्या भूमीवर येऊन पोहोचली.

पहिले उत्तर बिशपांचे. प्रेषितांपासून चालत आलेली दीक्षेची परंपरा बिशपाच्या ठायी वसते, त्याच्या हस्तस्पर्शावाचून कोणी धर्मगुरू होत नाही, असे अँग्लिकन पंथ मानतो. दुसरे उत्तर वडिलांच्या सभेचे: प्रत्येक मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक यांची स्थानिक सभा, अशा अनेक मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनड आणि सर्वांत वर महासभा, अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चने सिद्ध केली, आणि १८४५ मध्ये नागपुरास आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी ती आपल्याबरोबर आणली. तिसरे उत्तर स्थानिक मंडळीच्या स्वातंत्र्याचे: ज्या सभासदांनी एकत्र येऊन करार केला, ते सभासदच आपला पाळक निवडतील आणि काढतील, त्यांच्यावर पृथ्वीवर दुसरा हाकिम नाही. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे मूळ या परंपरेत होते.

ही केवळ व्यवस्थेची भांडणे आहेत असे ज्यांना वाटत असेल त्यांनी १८४३ साली मुंबईत काय घडले हे आठवावे. स्कॉटलंडमध्ये पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, या एका मुद्द्यावर राष्ट्रीय चर्च दुभंगले आणि ४७४ धर्मगुरू आपली वतने, घरे आणि मंदिरे सोडून बाहेर पडले. तो वाद ज्या जमीनदारांचा होता ते हजारो मैल दूर होते. तथापि मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनीही, आपला विवेक बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूने कौल देतो आहे असे पाहून, मूळ चर्चच्या मालकीच्या शाळेवरील हक्क सोडला आणि नव्याने संस्था थाटली. आजचे विल्सन कॉलेज हे त्या संस्थेचेच वंशज आहे. ज्याला कारभाराचा प्रश्न म्हणावा, त्यासाठी माणसांनी उभे आयुष्य घालवून बांधलेल्या इमारती सोडल्या, हे पाहिले म्हणजे त्यामागे सिद्धांताची किती मोठी पुंजी होती याची कल्पना येते.

या तिन्ही पद्धतींना न जुमानणारा एक चौथा स्वर मराठी ख्रिस्ती समाजात आरंभापासून ऐकू येतो, तो व्यक्तीच्या विवेकाचा. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढील काळात तेथील अँग्लिकन मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी केलेल्या पत्रव्यवहारात त्रैक्याच्या सिद्धांतापासून बिशपांच्या आज्ञेपर्यंत प्रत्येक गोष्टीची निर्भयपणे चिकित्सा केली, आणि एका धर्मसत्तेचे जोखड टाकले ते दुसरीचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशी भूमिका शेवटपर्यंत सोडली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान ठेवले. मंडळीची सीमा कोणी आखावी, हाच प्रश्न दोघांनीही आपापल्या परीने विचारला होता.

घाटाखाली: चर्च होऊ न इच्छिणारी संस्था

अलायन्सचे संस्थापक अल्बर्ट बेंजामिन सिम्सन हे १८४३ मध्ये कॅनडात जन्मलेले प्रेस्बिटेरियन पाळक. न्यूयॉर्कमधील प्रतिष्ठित मंडळीचे पाळकपद सांभाळीत असता, बाप्तिस्मा हा समजून-उमजून विश्वास ठेवणाऱ्यालाच आणि तोही पाण्यात बुडवून द्यावयास हवा, अशी त्यांची खात्री पटली. आणि लेकरांना बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाचे वेतन घेत राहणे अप्रामाणिकपणाचे होईल म्हणून त्यांनी १८८१ मध्ये राजीनामा दिला. १८८७ मध्ये त्यांच्या प्रेरणेने दोन संस्था निघाल्या आणि १८९७ मध्ये त्या एक झाल्या. येशू हा तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा आहे, हे त्यांच्या शिकवणुकीचे चार खांब होत.

या चारांपैकी चौथ्याने अलायन्सच्या कारभाराचे स्वरूप ठरविले. सुवार्ता सर्व राष्ट्रांना सांगून झाली की ख्रिस्ताचे पुनरागमन होईल, असा मत्तयाच्या शुभवर्तमानातील चोविसाव्या अध्यायाचा अर्थ सिम्सन लावीत. आणि राजा येण्याची वेळ जवळ आली असेल तर बिशप, प्रेस्बिटरी, घटना, नियमावली यांची उठाठेव करीत बसण्यास सवड कोणाला आहे? म्हणून अलायन्स ही चर्च नव्हे, तर निरनिराळ्या चर्चमधील समविचारी माणसांची बंधुसंस्था आहे, असेच तिचे चालक आग्रहाने सांगत, आणि चर्चचा कारभार कोणत्या पद्धतीने चालवावा हा विषय मतभेदाला मोकळा ठेवीत.

वऱ्हाडात मार्कस आणि जेनी फुलर हे दांपत्य अकोल्याला आधीपासूनच कार्य करीत होते, ते या संस्थेत सामील झाले, आणि अकोला-खामगावच्या परिसरात तिचे काम वाढले. त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. आईबाप गमावलेली मुले आश्रमांत आली. त्यांच्यासाठी शाळा काढाव्या लागल्या, हाताला काम शिकवावे लागले. मुले मोठी झाली तशी त्यांची लग्ने ठरली. आता लग्न लावण्यासाठी १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा पाहू गेल्यास, बिशपाच्या हस्ते दीक्षा मिळालेला, स्कॉटलंडच्या चर्चचा, किंवा सरकारचा परवाना असलेला धर्मगुरू हवा, असे त्यात स्पष्ट नमूद आहे. विवाहाची नोंदवही ठेवणे आले, दाखला देणे आले. पुढे मृतांसाठी दफनभूमी लागली, नव्या पिढीच्या लेकरांचे काय करावयाचे हे ठरवावे लागले, सभासद कोणाला म्हणावे आणि चुकलेल्यास शिस्त कोणी लावावी हे ठरवावे लागले. राजा लवकर येणार म्हणून ज्यांनी दफ्तर ठेवावयाचे टाळले होते, त्यांच्यापुढे जन्म, विवाह आणि मृत्यू यांनी दफ्तर आणून ठेवले.

याचा परिणाम असा की, अमेरिकेतील मूळ संस्थेने आपण एक चर्च आहोत हे अधिकृतपणे १९७४ मध्ये मान्य केले, परंतु वऱ्हाडात मात्र त्याच्या कितीतरी आधी मंडळ्या, निवडलेले वडील, पाळक आणि त्यांवर सिनड अशी व्यवस्था आकाराला आली होती. तिचा सांगाडा पाहिला तर वडिलांची सभा प्रेस्बिटेरियनांकडून आणि स्थानिक मंडळीचे स्वातंत्र्य काँग्रिगेशनल परंपरेकडून आलेले दिसते. हे मिश्रण कोणा पंडिताने ग्रंथ पाहून केले नाही. लोकांच्या गरजांनी ते घडविले.

घाटावर: मतपेटीवर उभा असलेला पंथ

बुलढाण्याच्या मिशनची कथा निराळी आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागातील पवित्रीकरणवादी मंडळ्यांच्या एका संघाने पाठविलेले एम. डी. वुड, त्यांची पत्नी आणि सहकारी १८९८ मध्ये हिंदुस्थानात उतरले आणि काही काळाने बुलढाण्यास स्थिरावले. १९०४ मध्ये लेटन ट्रेसी हे तरुण कॅनेडियन मिशनरी त्यांना येऊन मिळाले. पुढे त्या पहिल्याच दशकात वुड यांनी आपल्या संघापासून फारकत घेतली, आणि कामाचा भार ट्रेसींवर पडला. त्यांनी तो पुढे अनेक वर्षे वाहिला. मिशन हे प्रत्यक्ष जागेवर राबणाऱ्या माणसाचे की सातासमुद्रापलीकडील समितीचे, हा प्रश्न बुलढाण्याच्या मिशनला असा अगदी बाल्यावस्थेतच भेटला.

त्याच सुमारास अमेरिकेत घडलेल्या घटनांनी त्या प्रश्नाला वेगळेच वळण दिले. वुड-ट्रेसींना पाठविणारा ईशान्येकडील संघ १९०७ मध्ये शिकागो येथे, कॅलिफोर्नियातील फिनिअस ब्रिझी यांच्या चर्च ऑफ द नाझरीनशी एक झाला, आणि १३ ऑक्टोबर १९०८ रोजी टेक्सासमधील पायलट पॉइंट या गावी दक्षिणेकडील मंडळ्याही त्यात मिळाल्या. या पंथाने ‘अधीक्षकीय’ म्हणता येईल अशी पद्धती स्वीकारली. तीत स्थानिक मंडळी आपला पाळक गुप्त मतदानाने बोलावते, पण जिल्हा अधीक्षकाच्या संमतीने. मंडळ्यांचे प्रतिनिधी जिल्हासभेत बसतात आणि अधीक्षक निवडतात. आणि चार वर्षांनी भरणारी जागतिक महासभा सर्वश्रेष्ठ अधीक्षकांची निवड करते. बिशपासारखा देखरेखीचा अधिकार येथे आहे, परंतु तो तहहयात नाही. वतनदारीऐवजी मुदतीची नेमणूक, आणि तीही मतपेटीतून आलेली.

या पंथाचे श्रद्धालेख म्हणजे सिद्धांताची कलमे. त्यांत बदल करावयाचा झाल्यास महासभेचे दोनतृतीयांश बहुमत पुरत नाही, तर जगभरच्या पात्र जिल्हासभांपैकी दोनतृतीयांश सभांनी त्यास मंजुरी द्यावी लागते. सिद्धांत हा असा मतदानाच्या कुंपणात सुरक्षित ठेवलेला पाहून एखाद्या अँग्लिकनाला विस्मय वाटेल. पण पवित्र आत्मा एकट्या बिशपाशी बोलत नाही, जमलेल्या भाविकांशी बोलतो, ही जर श्रद्धा असेल तर मतदान हीच त्या श्रद्धेची स्वाभाविक रीत ठरते. बुलढाण्याकडील मंडळ्यांना स्वातंत्र्यपूर्व काळातच सॅम्युअल भुजबळ यांच्या रूपाने भारतीय जिल्हा अधीक्षक लाभले, यामागेही ही रचनाच होती, कारण अधीक्षकाची खुर्ची ही वर्णाने किंवा राष्ट्रीयत्वाने नव्हे, तर जिल्हासभेच्या विश्वासाने भरावयाची होती.

एकाच तत्त्वाच्या दोन वाटा

पवित्रीकरणाचा सिद्धांत दोन्हीकडे आहे, पण त्याचे विवरण वेगळे आहे. जॉन वेस्ली यांच्या परंपरेतील नाझरीन असे शिकवितात की, पापक्षमेनंतर देवाच्या कृपेचे दुसरे कार्य घडते आणि त्या क्षणी अंतःकरण पापाच्या मुळापासून शुद्ध होते. सिम्सन यांचा भर मुळाच्या उच्छेदावर नव्हता. ख्रिस्त स्वतः भाविकात वास करतो आणि त्याचे जीवन हेच भाविकाचे पावित्र्य होय, असे ते म्हणत. हा भेद सामान्य सभासदाला सूक्ष्म वाटेल. बाप्तिस्म्याचा भेद मात्र कुटुंबात उतरतो: नाझरीन मंडळीत तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मान्य आहे, आणि शिंपडणे, ओतणे वा बुडविणे यांपैकी कोणतीही रीत चालते, अलायन्समध्ये लेकराचे समर्पण होते, आणि बाप्तिस्मा थोरपणी, बुडवूनच. तेव्हा खामगावची मुलगी चिखलीच्या घरात सून होऊन जाते आणि तिला मूल होते, त्या वेळी तिच्या सासरमाहेरच्या चर्चेत सोळाव्या शतकातील युरोपचा बाप्तिस्म्याविषयीचा वाद पुन्हा उभा राहतो.

आरोग्याचा सिद्धांत तर दगडाविटांत वाचता येतो. येशू हा वैद्य आहे, यावर आरंभीच्या अलायन्सचा इतका भर होता की अनेक मिशनरी औषधापेक्षा प्रार्थनेचा आधार श्रेष्ठ मानीत; मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी उभारलेल्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयासारखी मोठी संस्था वऱ्हाडातील अलायन्सच्या नावाशी जोडली गेली नाही. नाझरीनही प्रार्थनेने मिळणाऱ्या आरोग्यावर श्रद्धा ठेवतात, पण उपचाराची साधने नाकारू नयेत अशी पुस्ती त्यांच्या श्रद्धालेखातच आहे. आणि त्या पुस्तीच्या आधारे डॉ. ऑर्फा स्पायकर या स्त्री-डॉक्टरांनी शेजारच्या वाशीम येथे १९३८ मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. एका कलमातील एका वाक्याने किती रुग्णांना दार उघडले, याचा हा पुरावा आहे.

१९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात झालेल्या आध्यात्मिक जागृतीनंतर अन्य भाषांत बोलण्याच्या कृपादानाचा प्रश्न देशभर निघाला, तेव्हाही दोहोंनी आपापला निर्णय केला. सिम्सन यांनी ते दान खरे मानले, परंतु आत्म्याने भरल्याची ती एकमेव खूण आहे हे मानले नाही, आणि त्यामुळे अमेरिकेतील कित्येक अनुयायी त्यांना सोडून गेले; नाझरीनांनी तर असा घोटाळा होऊ नये म्हणून १९१९ मध्ये आपल्या नावातील ‘पेंटेकॉस्टल’ हे विशेषणच गाळून टाकले.

स्वातंत्र्यानंतरची कसोटी

१९५४ मध्ये बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. त्या वर्षी त्या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने मिशनऱ्यांवर कठोर टीका केली, आणि ख्रिस्ती समाजाने ती बहुतांशी अन्याय्य मानली. तथापि त्यातील एक शिफारस कारभाराच्या दृष्टीने लक्षणीय होती. भारतीय चर्चनी परदेशी द्रव्यावर विसंबून न राहता एक संयुक्त, स्वतंत्र भारतीय चर्च स्थापावे, असे समितीने सुचविले होते. हेतूविषयी मतभेद असले तरी प्रश्न खरा होता, आणि त्याला तीन निरनिराळी उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे मिळाले. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांचे आधीच एक झालेले चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट असे सहा प्रवाह ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त विलीन झाले. या वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या, आणि त्या इतक्या लांबल्या याचे कारण धनाचा लोभ नव्हे, तर हेच दोन प्रश्न होते: बिशपाच्या हस्तस्पर्शावाचून झालेली दीक्षा खरी का, आणि बालबाप्तिस्मा व प्रौढबाप्तिस्मा एकाच चर्चमध्ये कसे नांदावेत. अखेर बिशप स्वीकारला गेला, पण घटनेने बांधलेला. आणि दोन्ही बाप्तिस्मे पर्याय म्हणून मान्य झाले. अमेरिकन परंपरेच्या मोठ्या मेथडिस्ट चर्चने मात्र ऐन वेळी माघार घेतली. अलायन्स आणि नाझरीन हे दोघेही या ऐक्याबाहेर राहिले. अलायन्सने दुसरे उत्तर दिले: भारतीय चर्च आपल्या सिनडखाली स्वायत्त, आणि १९७५ पासून इतर देशांतील अलायन्स चर्चशी जागतिक बंधुसंघातून संबंध. नाझरीनांनी तिसरे दिले: राष्ट्रीय चर्च वेगळे काढावयाचे नाही, तर सर्व जगाचे एकच चर्च ठेवून त्यात प्रत्येक देशाच्या जिल्ह्याला मताचा वाटा द्यावयाचा, स्वतःचा खर्च स्वतः सोसणारा जिल्हा हाच पूर्ण प्रौढ.

धर्मादाय कचेरीच्या दारात

यानंतर एक चौथा पक्ष या कारभारात आला, तो म्हणजे शासन. संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक धर्मसंप्रदायाला धर्मविषयक बाबींत आपला कारभार पाहण्याचा हक्क दिला, आणि मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा हक्कही दिला, परंतु तो ‘कायद्यानुसार’. ही मर्यादा कोठवर जाते, याचा ऊहापोह सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये रतिलाल गांधी खटल्यात केला आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० काही कलमे वगळता वैध ठरविला. शेगावच्या श्रीगजानन महाराज संस्थानाप्रमाणेच खामगाव वा बुलढाण्याच्या मंडळीलाही या कायद्याखाली विश्वस्तांची नावे नोंदवावी लागतात, ती बदलली की कलम २२ प्रमाणे बदल अर्ज द्यावा लागतो, आणि जमीन विकावयाची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी घ्यावी लागते.

येथे खरी अडचण उद्भवते. मिशनच्या काळात बंगला, शाळा, मंदिर, दफनभूमी ही सारी मिळकत परदेशी संस्थेच्या वा तिच्या मुखत्याराच्या नावे असे. मिशनरी गेल्यावर ती कोणाकडे आली याची कागदपत्रे जेथे चोख नाहीत, तेथे सिनडमधील निवडणूक ही केवळ आध्यात्मिक नेतृत्वाची राहत नाही, ती सातबाऱ्याची होते. ब्रेदरन चर्चच्या गुजरातमधील विश्वस्त संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला की, ठराव करून एका चर्चने दुसऱ्यात विलीन होणे ही श्रद्धेची बाब असू शकेल, पण कायद्याने ठरविलेली प्रक्रिया पाळल्यावाचून विश्वस्त संस्था आणि तिची मिळकत त्या ठरावाने विलीन होत नाही. १९७० च्या ऐक्यात सामील झालेल्या एका संस्थेसंबंधी, त्रेचाळीस वर्षांनी आलेला हा निकाल वाचल्यावर, ऐक्याच्या घोषणेइतकेच ऐक्याचे दस्तऐवजही महत्त्वाचे असतात हे कोणत्याही मंडळीच्या ध्यानात यावे.

न्यायालयाची ही भूमिका व्यवहार्य आहे. धर्म काय म्हणतो हे आम्ही ठरविणार नाही, मिळकत कोणाची एवढेच पाहू, असे ते म्हणते. पण चर्चला स्वतःपुरती ही वाटणी करता येत नाही. एखाद्या मंडळीतील भांडणात एक पक्ष पाळकाच्या निवडीचा हक्क सांगतो आणि दुसरा सिनडच्या वरिष्ठतेचा; तेव्हा दोघेही, कळत वा नकळत, देवाचा आवाज कोणाच्या मुखाने येतो याविषयीचा आपला विश्वास सांगत असतात. विश्वस्तांच्या यादीवरून झालेल्या तंट्याला केवळ सत्तालोभ म्हणून झिडकारणे सोपे आहे, आणि पुष्कळदा तो लोभ असतोही. परंतु घटनेत हा अधिकार कोणत्या श्रद्धेने कोणाला दिला होता, हे विचारल्यावाचून तो तंटा मिटत नाही, दडपला मात्र जातो.

या दृष्टीने आज सर्वांत बोलका प्रश्न स्त्रियांच्या दीक्षेचा आहे. नाझरीन चर्चने आपल्या स्थापनेपासून स्त्रियांची दीक्षा मान्य केली. २००५ मध्ये नीना गंटर या त्याच्या पहिल्या महिला सर्वश्रेष्ठ अधीक्षक झाल्या. दक्षिण भारताच्या चर्चने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केले. अलायन्सच्या अमेरिकेतील महासभेने स्त्रियांना ‘पाळक’ म्हणवून घेण्याची वाट २०२३ मध्ये मोकळी केली, वडीलपद मात्र पुरुषांकडेच ठेवले. आणि हे त्या संस्थेत, जिच्या वऱ्हाडातील उभारणीत जेनी फुलरसारख्या स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने राबल्या होत्या. भारतातील अलायन्स स्वायत्त असल्यामुळे अमेरिकेचा तो निर्णय खामगावला आपोआप लागू होत नाही; येथे तो येथल्या सिनडलाच, येथल्या सभासदांच्या मताने, घ्यावा लागेल. नाझरीन मंडळीला ही निवड नाही, तिच्यासाठी ते कलम कधीच ठरून गेले आहे, आणि ते बदलावयाचे म्हटले तर जगभरच्या जिल्ह्यांना विचारावे लागेल. स्वायत्ततेचे मोल आणि एकसंघतेचे मोल यांतले कोणते अधिक, याचे उत्तर त्यामुळे सर्वांना एकच देता येणार नाही. परंतु आपण यांपैकी कोणते मोल पत्करले आहे आणि कोणत्या विश्वासाने, हे आपल्या घटनेच्या मराठी प्रतीत प्रत्येक सभासदाला वाचता येईल अशी तजवीज करणे, हे घाटावरच्या आणि घाटाखालच्या दोन्ही मंडळ्यांचे कर्तव्य आहे, आणि ते पार पाडण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.